आधी जाहिरात, मग दळण

एप्रिल अर्धा सरला की जळगावात भर दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. रिक्षावाले कडुनिंबाखाली रिक्षा लावून मागच्या सीटवर आडवे होतात, पाय बाहेर. दाळ मिलच्या बाजूने येणारा भाजका वास उन्हात मिसळतो आणि आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर जुन्या साड्या अंथरल्या जातात. बिबड्यांचा मोसम सुरू होतो. खान्देशाबाहेरच्या माणसाला 'बिबडं म्हणजे ज्वारीचा पापड' एवढं सांगून मी मोकळी होते. अक्कांसमोर मात्र तशी सोय नाही. पापडाला पापड म्हणावं आणि बिबड्याला बिबडं म्हणावं, हे त्यांचं ठाम मत आहे.

अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. धुळ्याच्या. बोलणं अजून तिकडचंच, अहिराणी, शे-व्हतं करणारं. जळगावात येऊन इतकी वर्षं झाली तरी त्यात फरक नाही. गुडघे गेले, कान तर जवळजवळ गेलेच. पण मोसम आला की त्यांना गच्चीवर न्यावंच लागतं. पाण्याच्या टाकीच्या सावलीत खुर्ची टाकून बसतात आणि तिथून हुकूम सोडतात. घाटा पातळ झाला, हात ओला कर, कडेला जाड थापलं. पहाटे शिजवलेला घाटा, म्हणजे आंबवलेल्या ज्वारीचं दाट पीठ, वाटीत घेऊन त्यावर कच्चं तेल ओतून खायचं, हा त्या कामाचा पगार. तो मात्र त्या सगळ्यांच्या आधी घेतात.

यंदा वरच्या मजल्यावरची ऋतुजाही मदतीला आली. इंजिनियर आहे, घरूनच काम करते आणि हल्ली स्वतःचा ब्लॉग काढायच्या विचारात आहे. हाताला घाटा चिकटत होता तो सोडवता सोडवता तिनं विचारलं, "काकू, खरं सांगा हं. ब्लॉगवर जाहिराती लावल्या की किती मिळतात हो?"

गंमत आहे बघा. माणसं एकमेकांचा पगार विचारायला लाजतात, पण ब्लॉगचे पैसे बेधडक विचारतात. लेख कशावर लिहिता हे कोणी विचारत नाही. मी पंधरा-एक वर्षं ब्लॉग लिहिते आहे, आणि मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच. नेहमी मी हसून विषय बदलते. या वेळी बदलला नाही. कदाचित तोच मोसम होता म्हणून, तोच आंबूस वास होता म्हणून.

"ते दळणावर अवलंबून असतं," मी म्हटलं. तिला अर्थातच काही कळलं नाही.

लग्नाआधी मी जळगावात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. लग्न झालं आणि धुळ्याला, देवपुरात आले. सासरी पिठाची गिरणी होती. घराच्या गल्लीच्या तोंडाशीच, पत्र्याचं छप्पर, आत तीन यंत्रं: एक गव्हा-ज्वारीचं, एक भरडीचं आणि एक मिरची-हळदीचं. वर्षभर गिरणी आपली संथ चाले, पण उन्हाळा आला की तिच्या अंगात येई. पापडाचं पीठ, बिबड्यांची भरड, वर्षाचं तिखट. बायका डबे घेऊन रांगेत. मिरचीचं यंत्र सुरू झालं की अख्खी गल्ली शिंकायची. शेजारपाजारचे कोणी रागावत नसत. नाक पुसत पुसत विचारायचे, "कोणाचं तिखट निघालं?"

माझे सासरे, नाना, गिरणी चालवत. आमचे हे आठवडाभर जळगावला, पाइपच्या कारखान्यात. शनिवारी रात्रीच्या बसने यायचे. घरात मी, अक्का, नाना आणि माझा जुना कॉम्प्युटर. क्लास बंद पडला तेव्हा क्लासवाल्यांनी तो मला स्वस्तात देऊन टाकला होता. दुपारी भांडी झाली की मी त्याच्यासमोर बसे आणि लिही. भरताची वांगी कशी ओळखायची, कळण्याची भाकरी, लग्नातली मांडे करणारी बाई, असलंच काहीबाही. कोण वाचतं माहीत नव्हतं. पण त्या दोन तासांत मला कोणी सूनबाई म्हणून हाक मारत नसे, एवढं खरं.

मराठी पानांवर जाहिराती मिळू लागल्याचं मी कुठेतरी वाचलं आणि अर्ज केला. मंजूर झाला तेव्हा काय आनंद! माझ्या वांग्यांच्या लेखाखाली ठिबकच्या नळ्यांची जाहिरात आली. मी तिच्याकडे नुसती बघत बसले. मग हळूहळू त्या बाजारातली गोम कळत गेली. कर्जाबद्दल लिहा, विम्याबद्दल लिहा, पैसे बरे येतात. बिबड्याला भाव नाही. परदेशातून कोणी वाचलं तर जास्त, धुळ्यातून वाचलं तर चाराणे-आठाणे. ह्यांच्या एका मित्रानं सल्ला दिला, 'वहिनी, गृहकर्जावर लिहा.' मी लिहून पाहिलं. दोन परिच्छेदांतच मला झोप आली, तर वाचणाऱ्याचं काय झालं असतं!

ठराविक रक्कम जमेपर्यंत कंपनी पैसे पाठवत नाही. शंभर डॉलर. ते जमायच्या वेगानं मी हिशोब केला तर माझी नातवंडं ते पैसे उचलतील असं निघालं. मी हसले आणि लिहीत राहिले. मला पैशाची फार घाई नव्हती. नानांना मात्र माणसाची घाई होती.

त्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला गिरणीवरचा माणूस काम सोडून सुरतला गेला. नानांना यंत्र बघू की पैसे घेऊ असं झालं. एका संध्याकाळी जेवताना ते म्हणाले, "दुपारले गिरणीवर बसत जाय. ते कॉम्प्युटरवर टकटक करीसन काय मियस?"

मी म्हटलं, "मिळतील नाना. जाहिरातींचे पैसे येतील."

"कधी?"

मी भाजी वाढायला वाकले. नाना वाईट माणूस नव्हते, हिशोबी होते. त्यांनी लगेच निवाडा केला. "पापडना डबा भरातस तवलोंग वाट दखू. पैसा उना तं दुपार तुन्ही. नही तं गिरणी." म्हणजे पावसाच्या आधी, वाळवणं डब्यात जाईपर्यंतची मुदत. त्यात पैसे आले तर दुपार माझी, नाहीतर मी गल्ल्यावर. आणि एकदा गल्ल्यावर बसलेली सून तिथून उठत नाही, हे गल्लीतल्या कुठल्याही बाईनं सांगितलं असतं.

अक्का भाकरी मोडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तवलोंग मी बसस."

त्या का म्हणाल्या कोण जाणे. मला वाटलं, घरात उकडतं, गिरणीवर चार बायका भेटतात, गप्पा होतात, म्हणून असेल. अक्कांना माणसं लागायचीच. दुसऱ्या दिवसापासून त्या नाकावर पदर बांधून गल्ल्यावर बसू लागल्या.

अशात कंपनीचं पत्र आलं. पत्ता खरा आहे की नाही हे पाहायला ते एक नंबर पाठवतात, तो कॉम्प्युटरमध्ये भरायचा असतो. पोस्टमननं ते गिरणीवरच दिलं आणि जाताना सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "अक्का, सूनबाईले फॉरेनना कागद उना." झालं! मी पोहोचले तोवर बाकड्यावरच्या प्रत्येक बाईनं तो उन्हाकडे धरून पाहिला होता.

"परदेशनी कंपनी तुन्हा पत्ता काबर इचारस?" अक्कांनी विचारलं.

मी तिथंच उभी राहून समजावलं. मी लिहिते, त्याच्या खाली जाहिरात दिसते, वाचणाऱ्यानं तिच्यावर बोट दाबलं की थोडे पैसे माझ्या नावावर जमतात.

"नुस्तं दाबं तरी?"

"हो. पण मी स्वतः नाही दाबायचं. ते चालत नाही त्यांना."

अक्कांनी मान डोलावली. त्यांना ते लगेच पटलं. "बरोबर शे. आपला घरना लगीनमा आपन आहेर करतस का? लोके करतस."

बाकड्यावरच्या बायकाही 'हां, बरोबर' म्हणाल्या. मला इतकं हसू आलं! मीही म्हणाले, "अगदी बरोबर." आणि नंबर भरायला घरी पळाले.

त्याच उन्हाळ्यात गल्लीत स्मार्टफोन घरोघर झाले होते. इंटरनेट इतकं स्वस्त झालं होतं की बायका दिवसभर भजनं लावून ठेवत. मुमताज आपा शिवणकाम करायच्या, त्यांनी मशीनशेजारी फोन उभा करून ब्लाउजच्या गळ्यांचे प्रकार बघायला सुरुवात केली होती. अक्कांनाही ह्यांनी एक फोन आणून दिला. 'उघडनं-बंद करनं तेवढं दखाड' म्हणून त्या माझ्याकडून शिकल्या आणि 'तुन्हं ते पान कथं ऱ्हास' हेही विचारून घेतलं. मी त्यांच्या फोनवर ब्लॉग काढून ठेवला. सासू आपलं लिहिलेलं वाचणार, या कल्पनेनं मला जरा लाजल्यासारखं झालं होतं.

आणि मग आकडा हलला.

मी बिबड्यांवर लेख लिहिला होता. ज्वारी किती दिवस भिजवायची, आंबल्याचा वास कुठे थांबवायचा, घाटा शिजल्याचं बुडबुड्यांवरून कसं ओळखायचं. टाकला आणि दोन दिवसांत जाहिरातींचे पैसे असे वाढले की मला वाटलं कॉम्प्युटर बिघडला. दुसऱ्या दिवशी आणखी. तिसऱ्या दिवशी आणखी. मी सकाळी उठून आधी तो आकडा बघे, मग चहा ठेवी. मोसमच आहे, लोक बिबड्यांची कृती शोधत असतील, पुण्या-मुंबईला गेलेली आपली माणसं असतील, आईची आठवण येऊन वाचत असतील, असं मी मनात रचत गेले. त्या दिवसांत मी जितकं आनंदानं लिहिलं तितकं पुन्हा लिहिलं नाही. शनिवारी हे आले तेव्हा दारातच सांगितलं, "लोक वाचतायत हो मला!"

पैसे येतायत असं नाही म्हटलं मी. वाचतायत म्हटलं.

घरात त्याच वेळी आणखी एक गोष्ट घडत होती, पण माझं लक्ष नव्हतं. अक्कांना अनोळखी फोन येऊ लागले. संध्याकाळी लसूण सोलता सोलता फोन वाजे. कोणी त्यांना पुण्यात फ्लॅट देत होतं, कोणी ट्रॅक्टरला कर्ज, एकानं तर एमबीएला प्रवेश देऊ केला. अक्का प्रत्येकाशी नीट बोलायच्या. "भाऊ, जेवनात का? ... नही भाऊ, घर शे आमनं धुयामा. ... तुम्हनं गाव कोनतं?" समोरचा पोरगा दहा मिनिटांनी आपल्या आईच्या गुडघेदुखीबद्दल सांगत असायचा. मला वाटे, हल्ली सगळ्यांनाच असले फोन येतात. जाहिरात दाबून पुढे जे पान उघडतं, तिथे नाव-नंबर मागतात आणि अक्का तो इमानदारीनं भरतात, हे कोणाच्या स्वप्नात येणार!

मे संपत आला. उडदाचे पापड झाले, गल्लीतल्या बायका आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन आमच्याकडे एक दिवस बसून गेल्या, मी त्यांच्याकडे बसून आले. कोणी कोणाला मजुरी देत नाही, आज तुझ्या घरी सगळ्या, उद्या माझ्या घरी सगळ्या. आकडा शंभराच्या अगदी जवळ आला होता. डबे पुसून उन्हात ठेवले होते. मी नानांना पानात वाढताना जरा ताठ मानेनंच वाढत होते.

मेल सकाळी आला. इंग्रजीत होता, सभ्य होता. तुमच्या पानावरच्या जाहिराती ठराविक जागेवरून, त्याच त्या लोकांकडून, मुद्दाम दाबल्या जात असल्याचं आढळलं आहे. खातं बंद करत आहोत, पानावरच्या जाहिराती दोन-तीन दिवसांत दिसेनाशा होतील. जमा झालेली रक्कम जाहिरातदारांना परत केली जाईल. मी तो उभ्यानंच वाचला. मग बसून वाचला. मला खात्री होती की कोणीतरी जळून केलं असणार. माझं वाईट चिंतणारं कोण आहे, याची मी मनात उजळणीसुद्धा केली, आणि तितकं मोठं कोणी सापडेना. फेरविचाराचा अर्ज पाठवला. दोन दिवसांनी त्याचंही उत्तर आलं, एका ओळीचं. नाही.

भर दुपार होती. अक्कांना तरी सांगावं म्हणून मी डोक्यावर ओढणी घेऊन गिरणीकडे गेले. मिरचीचं यंत्र सुरू होतं, दारातच नाकात झणका गेला. घरघरीत माझी चाहूल कोणाला लागली नाही. बाकड्यावर चार-पाच बायका, पायाशी डबे, हातात फोन. आणि गल्ल्यावर अक्का, नाकावर पदर, बोट वर केलेलं.

एक नवीन बाई डबा पुढे सरकवत होती. अक्का ओरडून म्हणाल्या, "पहिले दाब, मंग दळन!"

"अक्का, मेरा हो गया," मुमताज आपा म्हणाल्या. "वो ट्रॅक्टरवाली भी दबा दी."

नवीन बाईच्या हातात कोणीतरी फोन दिला. माझा बिबड्यांचा लेख. तिनं दोन ओळी बघितल्या आणि विचारलं, "यामा लिखेल काय शे?"

"ते ऱ्हाऊ दे वं," अक्का म्हणाल्या. "खाले जाय. खाले, आजून खाले. हां, ती दाब. आपली शे पोर, हातभार लावा बठ्ठ्या जनी."

बाईचा अंगठा माझ्या लेखावरून सरसर खाली गेला. भिजवणं, आंबवणं, बुडबुडे, सगळं एका झटक्यात वर निघून गेलं.

पैशांचं नाही वाटलं मला त्या क्षणी. दुपारचंही नाही. पुण्या-मुंबईची ती माणसं, आईची आठवण येणारी, ती कुणी नव्हतीच, एवढंच कळलं. रडू आलं. बरं झालं, मिरचीच्या गिरणीच्या दारात रडणाऱ्याला कोणी काही विचारत नाही. मी तशीच मागे फिरले.

आज इतक्या वर्षांनी विचार केला तर वाटतं, कंपनीचंही काय चुकलं? जाहिरात देणारा पैसे देतो ते कोणीतरी खरोखर ट्रॅक्टर घ्यावा म्हणून. मुमताज आपा ट्रॅक्टर घेणार नव्हत्या. तिकडे कुठल्या तरी यंत्राला दिसलं असेल की धुळ्यातल्या एकाच गल्लीतून रोज दुपारी ढीगभर बायका ट्रॅक्टर, फ्लॅट आणि एमबीएसाठी तळमळतायत. त्याला शंका आली, यात नवल ते काय. आणि अक्कांचंही काय चुकलं? एकीच्या घरी काम निघालं की सगळ्यांनी हात लावायचा, एवढंच त्यांना ठाऊक. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. मधल्या मधे मी होते.

त्या संध्याकाळी मी नानांना सांगितलं. "कंपनीनं खातं बंद केलं. पैसे येणार नाहीत."

"काबर?"

"त्यांचे काही नियम असतात," मी म्हटलं. अक्का शेजारी लसूण सोलत होत्या. त्यांच्याकडे मी बघितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांना काय वाटलं असतं, ते मला बघायचं नव्हतं.

टोमणा मारला नाही नानांनी, तेवढा मोठेपणा होता. "ठरेल व्हतं," इतकंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भांडी आवरून मी नाकावर रुमाल बांधला आणि गिरणीवर गेले. गल्ल्यावर अक्का बसलेल्या होत्या. आज कोणाच्या हातात फोन नव्हता, तेही मला नंतर आठवलं. मी म्हटलं, "उठा अक्का, आता मी."

"घर जाय."

"अहो, ठरलंय ना. पैसे नाही आले."

अक्कांनी आधी नानांकडे बघितलं, मग माझ्याकडे. घरघरीच्या वर आवाज काढून म्हणाल्या, "दुपार मी दिन्ही व्हती. कंपनीनी नही."

नानांनी ऐकलं, पण ते यंत्राच्या पट्ट्याला तेल घालायला वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. मी घरी आले. कॉम्प्युटर सुरू केला. त्या दिवशी एक ओळ सुचली नाही, नुसती बसून राहिले. पण बसले मात्र तिथेच.

पुढे कितीतरी वर्षं अक्का दुपारी गिरणीवर बसल्या. पावसाळ्यात, थंडीत, पुन्हा उन्हाळ्यात. मी लिहीत राहिले. जाहिराती गेल्यावर पानाखाली पांढरी जागा उरली, ती मी तशीच ठेवली. हळूहळू खरीखुरी माणसं येऊ लागली, थोडी थोडी. अमेरिकेतून एका बाईनं लिहिलं की तुमचं वाचून मी गॅलरीत बिबडी घातली आणि ती कबुतरांनी खाल्ली. पुढे एका दैनिकाच्या पुरवणीनं सदर दिलं, मग छोटंसं पुस्तक निघालं. नाना गेले, गिरणी विकली, आम्ही अक्कांना घेऊन जळगावला आलो. इथे आल्यावर डॉक्टरांनी अक्कांचे कान तपासले आणि विचारलं, "आजी कारखान्यात काम करत होत्या का?"

हे सगळं मी ऋतुजाला सांगितलं नाही. गच्चीवर एवढंच म्हटलं, की घरच्यांनी, ओळखीच्यांनी प्रेमापोटी जाहिराती दाबल्या तर खातं बंद होतं, तेवढं सांभाळ. ती हसली. आणि अक्कांना ऐकू यावं म्हणून खुर्चीजवळ जाऊन, तोंडाशी हात धरून ओरडली, "अक्का! माझ्या जाहिराती तुम्ही दाबू नका हं! घरच्या माणसांनी दाबलं की बंद करतात ते!"

माझ्या हातातला घाटा साडीवर पडला. इतकी वर्षं झाकून ठेवलेलं एका ओरडण्यात उघडं! अक्कांनी मान हलवली, 'हां हां' म्हणाल्या आणि माझ्या बिबड्याकडे बोट दाखवलं. "कडं जाड व्हयनं." ऐकू आलं की नाही, काही कळेना.

दुपारी खाली आलो. पडदे ओढले, कूलर लावला. अक्का पलंगावर आडव्या झाल्या. मला वाटलं झोपल्या. तेवढ्यात म्हणाल्या, "ती पोर काय सांगे, माले ऐकू उनं."

मी काहीतरी सारवासारव करायला त्यांच्या कानाशी वाकले. त्यांनी हातानं थांबवलं.

"माले तधळच समजनं व्हतं. तू गिरणीना दारमा उभी व्हती. तुन्हं तोंड दखं मी. मंग संध्याकायले तू नानाले सांगं, मन्हं नाव नही लिन्हं." त्या छताकडे बघत होत्या. "म्हनीसन तं बसनू गिरणीवर."

कूलरचं पाणी टपटपत होतं. मी इतकी वर्षं समजत होते की त्यांनी मला दुपार दिली. त्या समजत होत्या की त्या फेडत होत्या. मला त्यांच्या कानांकडे बघवेना. मी मोठ्यांदा, अगदी कानाजवळ म्हटलं, "अक्का, तुम्ही बसला नसता तर मी एक ओळ लिहिली नसती! एक सुद्धा!"

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. "मंग इतलं काय लिखं तू? माले एक बी वाची नही दखाडं."

खरं होतं. मी कधी वाचून दाखवलं नव्हतं. त्या खाली-खाली जायला सांगत होत्या ते माझ्या मनात कुठेतरी बसलं होतं, आणि त्यांना आवड नाही असं मी ठरवून टाकलं होतं.

मी फोन काढला. तोच लेख उघडला, बिबड्यांचा. आणि वाचायला लागले. अक्कांना ऐकू जायचं तर ओरडावंच लागतं, म्हणून ओरडून. 'ज्वारी तीन दिवस भिजवावी!' 'रोज पाणी बदलावं!' घसा सुकला. माझीच जुनी वाक्यं, अशी किंचाळून म्हणताना त्यातली कुठली पोकळ आहेत ते आपोआप कळत होतं. अक्का डोळे मिटून ऐकत होत्या. बुडबुड्यांच्या जागी त्यांनी बोटानं हवेत गोल फिरवलं, म्हणजे बरोबर.

दार वाजलं. ऋतुजा उभी, घाबरलेली. "काकू, काय झालं? वरपर्यंत आवाज येतोय. भांडण...?"

"नाही गं. वाचतेय."

ती आत आली आणि पलंगाच्या पायथ्याशी बसली. मी शेवटचा परिच्छेद वाचला आणि थांबले. खाली ती पांढरी जागा होती. अक्कांनी डोळे उघडले, फोन हातात घेतला, लांब धरून बघितला आणि त्या जागेला बोट न लावता परत दिला.

"तीय कमी सांगात तू," त्या म्हणाल्या. "घाटामा तीय जादा लागतस."

"वाढवते तीळ," मी ओरडले.

"हां." त्यांनी उशी पाठीशी सरकवली आणि नीट उठून बसल्या. "आते दुसरं वाच."